डास पावसाची वाट बघत नाहीत

संपादक महोदय,

‘पाऊस पडू द्या, मग डास होतील’ असं आमच्या गल्लीतल्या बायका अजून म्हणतात. मला ते पटत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कोरड्या झळांत बाहेरचे डास टिकत नाहीत हे खरं. पण उरलेले घरात गारवा शोधतात: मोरीचा कोपरा, पलंगाखाली, दांडीवरचे कपडे. कूलरची टाकी तर त्यांचं बाळंतघरच!

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उष्ण, दमट हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नळाला रोज पाणी नाही, म्हणून आम्ही ड्रम भरून ठेवतो, आणि उघडे ठेवतो. शिवाय अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावं लागतं. माझ्या सुनेला हे पटवायला मला दोन उन्हाळे लागले.

धो-धो पावसात अळ्या वाहून तरी जातात. त्रास खरा उघडीप-सरींच्या दिवसांत आणि पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात. फवारणीचा धूर भर दुपारी सोडला, की तापलेल्या हवेबरोबर वर जातो. तो पहाटे किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना सोडावा.

आपण रोज तापमानाची चौकट छापता. शनिवारी तिच्याखाली ‘उद्या कूलर घासा’ एवढी ओळ टाकाल का?

– एक आजी, चोपडा तालुका