मडके वाजवून पाहिले, तेही छापा

महोदय,

१४ जानेवारी २०२५ रोजी टिपल्या गेलेल्या गुरुत्वीय लहरींवरून (म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवरून) स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेला कृष्णविवरांविषयीचा सिद्धान्त पडताळून पाहता आला, ही बातमी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जाहीर झाली. मी ती ज्या मराठी दैनिकांत वाचली, तेथे ती पाच-सहा ओळींत आटोपली होती. ‘हॉकिंग बरोबर होते’ एवढे कळले. पण सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या घटनेवरून ते बरोबर असल्याचे ताडले कसे, याचा उल्लेख नव्हता. जागा कमी मिळाली ही माझी तक्रार नाही. शोधाची बातमी देताना ‘काय’ छापायचे आणि ‘कशावरून’ गाळायचे, अशी जी रीत पडली आहे, तिच्याविषयी लिहीत आहे.

हॉकिंग यांचे म्हणणे तसे थोडक्यात सांगता येते. ज्या सीमेच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही, त्या सीमेला कृष्णविवराचा पृष्ठभाग मानले, तर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्यावर नव्या विवराचे पृष्ठफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरता कामा नये. यातली गंमत आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. विलीन झालेल्या दोन विवरांची वस्तुमाने साधारण ३४ आणि ३२ सूर्यांइतकी होती आणि उरलेले विवर ६३ सूर्यांच्या आसपास भरले. म्हणजे तीनेक सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले. वस्तुमान घटले, मग पृष्ठफळ वाढेल कसे? तर ते वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते म्हणून. ३४ आणि ३२ यांच्या वर्गांची बेरीज २१८०, आणि ६३ चा वर्ग ३९६९. नवे विवर स्वतःभोवती वेगाने फिरत असल्यामुळे यातून काही वजावट करावी लागते, तरीही वाढ मोठीच राहते. शास्त्रज्ञांनी काढलेले आकडे आहेत आधी सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर आणि नंतर सुमारे ४ लाख. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधीची दोन्ही विवरे मिळून महाराष्ट्रापेक्षा लहान आणि नंतरचे एकटे महाराष्ट्रापेक्षा मोठे. आठवीतल्या मुलालाही हे गणित जमेल, मात्र त्याच्यापर्यंत ते पोचायला हवे.

पण याला अजून पडताळा म्हणता येणार नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही दोन्ही मोजमापे एकमेकांवर न विसंबता घेतली, तरच त्यांच्या तुलनेला अर्थ आहे. ‘आधी’चे मोजमाप मिळते ते विवरे एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ येत असताना निघणाऱ्या लहरींतून. ‘नंतर’चे कसे मिळते, हे सांगण्यासाठी मला वसमतच्या आठवडी बाजारात माठ घेणारी माझी आई आठवते. कुंभाराने कितीही ग्वाही दिली, तरी ती माठ उचलून धरायची, बोटाची पेरे त्याच्यावर हाणायची आणि कान लावायची. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर तडकलेला. विलीन होऊन नुकतेच तयार झालेले कृष्णविवरही असेच क्षणभर ‘वाजते’ आणि शांत होते. या वाजण्याचे स्वरूप भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये, म्हणजे असे काही प्रत्यक्ष टिपले जाण्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी, गणिताने दाखवून दिले होते. पुढे बंगळूरच्या नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक झालेले ते हेच. या विवराचा स्वर केवळ दोन गोष्टींवर ठरतो : त्याचे वस्तुमान आणि त्याचे फिरणे. स्वर ओळखला की दोन्ही कळतात, आणि त्यांवरून पृष्ठफळ निघते. २०२५ च्या लहरीत मुख्य स्वराबरोबर त्याचा लवकर विरणारा जोडस्वरही वेगळा काढता आला. (येथे ‘स्वर’ हा शब्द मी उपमेने वापरला आहे. ‘विश्वाचा आवाज ऐकला’ असे मथळे देणाऱ्यांनी एवढे तरी लिहावे की या लहरी हवेतल्या नव्हेत, त्या अवकाशाच्याच ताण-आकुंचनाच्या आहेत. त्यांची वारंवारता योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यात येते, म्हणून संगणकाला त्या वाजवून दाखवता येतात.)

मोजणाऱ्या यंत्राची कहाणी तर बातमीत सहसा येतच नाही. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे एकमेकींपासून सुमारे ३००० किलोमीटरवर ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन वेधशाळा आहेत. प्रत्येकीच्या काटकोनातल्या दोन भुजा ४ किलोमीटर लांब आहेत आणि त्यांच्या टोकांना टांगलेल्या आरशांवर लेसरचा प्रकाश ये-जा करतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा लहर टिपली गेली, तेव्हा या भुजांच्या ४ किलोमीटर लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाइतका होता. इतक्या सूक्ष्म थरथरीला ट्रक, वारा, लांबवरचा भूकंप, काहीही कारण असू शकते. पण एकच आकृती दोन्ही ठिकाणी सात मिलिसेकंदांच्या अंतराने उमटली, आणि प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या लहरीला दोहोंमधले अंतर कापायला जास्तीत जास्त दहा मिलिसेकंद लागतात. ट्रक वगळला गेला तो येथे. २०२५ ची घटना जवळजवळ तेवढ्याच वस्तुमानांची आणि तेवढ्याच अंतरावरची होती, तरी तिचा संकेत तिप्पट स्पष्ट मिळाला. विश्वाने काही वेगळे केले नव्हते. दहा वर्षांत माणसांनी यंत्रातला गोंगाट कमी केला होता. माझ्या मते खरी बातमी हीच होती.

हे मराठी वाचकाला परके आहे, असे कोणी म्हणू नये. गोंगाटात बुडालेला संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेत संजीव धुरंधर यांनी दशकानुदशके काम केले आहे. लायगोची तिसरी वेधशाळा आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होत आहे. तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. तरीही औंढ्याच्या स्थानकावर चहा पिताना मला विचारले जाते ते असे : ‘सर, तिथं जमिनीतून काय काढणार हायेत? बोअरचं पाणी आटंल का? किरणं बाहेर पडतेत म्हणं.’ हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. मंजुरीचा आकडा सगळ्यांनी छापला. तेथे काहीही काढायचे नाही, काहीही सोडायचे नाही, फक्त येईल ते मोजायचे आहे, हे ठळकपणे कोणी छापल्याचे माझ्या वाचनात नाही. अमेरिकेतल्या दोन वेधशाळा असताना तिसरी कशाला, याचेही उत्तर साधे आहे. पहिल्या वेळी दोघींनाच लहर कळली, तेव्हा तिचा उगम आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत कोठेतरी आहे, एवढेच सांगता आले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दुसरी एक लहर टिपताना इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेची जोड मिळाली, तेव्हा असा पट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींना काही तासांतच नेमकी दीर्घिका सापडली. औंढ्याची वेधशाळा या सगळ्यांपासून फार दूर असल्यामुळे तिच्या भरीने दिशा आणखी नेमकी होईल.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच आहे की अशी बातमी देताना कोणत्या यंत्राने, किती फरक मोजला आणि तो दुसऱ्या कशामुळे पडलेला नाही हे कसे ठरवले, याला चार ओळी राखून ठेवाव्यात. त्यासाठी आतल्या पानावरचे छायाचित्र लहान करावे लागले तरी चालेल. कृष्णविवराचे म्हणून जे रंगीत चित्र छापले जाते, ते बहुतेक वेळा चित्रकाराने काढलेले असते, आणि तेही खाली लिहिलेले नसते.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक
वसमत, जि. हिंगोली