पाळीच्या दुखण्यावरचा उपचार शाळेपर्यंत आणा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शाळकरी मुलींना पाळीच्या वेदनांवर शाळेतच उपचार मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका शाळेत मी 23 वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या शिक्षक-खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिच्यात गुंडाळलेले नकाशे, खेळाचे सामान आणि एक लांब बाक असे. पोटात दुखते म्हणून वर्गातून उठलेल्या मुलीला आम्ही त्या बाकावर निजवत असू. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राही, कधी उलटी करी आणि मधल्या सुट्टीत आईला निरोप गेला तर घरी जाई. बहुतेक वेळा आई कुणाच्या तरी घरी भांडी घासत असे किंवा कारखान्यात शिलाईवर बसलेली असे, त्यामुळे मुलगी शाळा सुटेपर्यंत त्या बाकावरच राही. तिला देण्यासाठी आमच्याकडे एक पेला पाणी आणि ‘जरा पड, बरे वाटेल’ हे शब्द होते. दहावीच्या वर्गात फळ्यावर मासिक पाळीच्या चक्राची आकृती मी दर वर्षी काढली, त्यातली संप्रेरके मुलींकडून पाठ करून घेतली, परंतु ‘तुमच्यापैकी किती जणींना दुखते?’ हा प्रश्न मी नोकरीच्या अठराव्या वर्षी पहिल्यांदा विचारला. पस्तीस मुलींपैकी बावीस हात वर आले.

हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण असे की तोच प्रश्न सरकारने माझ्या आधीच छापून ठेवलेला आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी अर्जात किशोरवयीन मुलींसाठी जे प्रश्न आहेत, त्यांत पाळी अनियमित येते का याबरोबर पाळीत दुखते का, हाही प्रश्न आहे. हा प्रश्न अर्जात घालणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. उत्तर ‘होय’ आले तर मुलीला किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्राकडे पाठवावे अशी रचना आहे, आणि आपल्या राज्यात ही केंद्रे ‘मैत्री’ या सुंदर नावाने चालतात. अडचण यापुढची आहे. केंद्र रुग्णालयात आणि त्याची वेळ शाळेची. मुलीला एकटी पाठवता येत नाही, आणि सोबत जायचे तर आईचा दिवसाचा रोज बुडतो. शिवाय पाळीतल्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जायचे असते, हेच पुष्कळ घरांना मान्य नाही. चिठ्ठी कंपासपेटीत घडी घालून राहते. पुढच्या वर्षी तपासणी पुन्हा होते आणि ‘होय’ समोर पुन्हा खूण होते.

या वेदनेबद्दल वैद्यकशास्त्राला काही उमगलेले नसते तर मी आपला वेळ घेतला नसता. पाळीच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते, गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते आणि त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. ती जितकी अधिक, तितका गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळला जातो, त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि ओटीपोटातून कंबर व मांड्यांपर्यंत कळा जातात. मळमळ, जुलाब आणि डोकेदुखी यांमागेही याच द्रव्यांचा हात असतो. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात ही द्रव्ये तयार होण्यालाच अडवतात, हे जॉन वेन यांनी दाखवून दिले आणि प्रोस्टाग्लँडिनवरील संशोधनासाठी त्यांना इतर दोघा शास्त्रज्ञांसह 1982 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीतली आयबुप्रोफेन ही स्वस्त गोळी आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे कारण ठाऊक आहे, त्या कारणावर नेमके काम करणारे औषध ठाऊक आहे आणि ते परवडणारे आहे. तरीही त्या बाकावरच्या मुलीपर्यंत ते आलेले नाही.

एक गोष्ट इथे जरा विस्ताराने सांगते, कारण तिच्यामुळे घरोघरी मुलींवर अन्याय होतो. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अंडोत्सर्ग, म्हणजे बीजकोशातून अंडे बाहेर पडणे, नियमित होत नसल्यामुळे दुखणे बहुधा नसते किंवा थोडे असते. सहा महिने ते वर्षभराने चक्र स्थिरावू लागले की कळा सुरू होतात. आई म्हणते, ‘आधी कुठे दुखत होते? आता अभ्यास टाळायला नाटके सुरू झाली.’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्या वेळा ऐकले आहे की पुढे मी प्रत्येक सभेत आधीच त्याचे उत्तर देऊ लागले. मुलगी खोटे बोलत नसते. तिचे शरीर वयाप्रमाणे पुढे सरकलेले असते.

दुसरी चूक गोळीच्या वेळेची. ज्या घरांत गोळी असते तिथेही ती ‘अगदीच सहन होईना तर घे’ म्हणून राखून ठेवली जाते. प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन आपले काम करून बसल्यावर घेतलेल्या गोळीचा गुण कमी येतो. दुखायला लागताच, किंवा पाळीची तारीख पक्की असेल तर आदल्या दिवसापासून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत आणि पहिले दोन-तीन दिवस ठरावीक तासांनी घेतली तर ती उत्तम चालते. ‘गोळ्यांची सवय लागते’, ‘पुढे मूल राहत नाही’ या भीतीने बायका मुलींना गोळी देत नाहीत. महिन्यातून दोन-तीन दिवस वैद्यकीय सल्ल्याने घेतलेल्या या औषधामुळे वंध्यत्व येते असे मानायला आधार नाही, आणि हे वाक्य आपल्या खात्याच्या शिक्क्यानिशी भिंतीवर लागले तर त्याला जे वजन येईल ते शिक्षिकेच्या तोंडच्या शब्दाला येत नाही.

औषध म्हटले की जपणूकही आली, आणि मी ती बाजूला सारत नाही. पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा अशा औषधांची ॲलर्जी असलेल्या मुलीला ही गोळी देऊ नये. आपल्या मुंबईपुरते आणखी एक सांगायला हवे. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते, आणि डेंग्यूच्या तापात आयबुप्रोफेनसारखी औषधे घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे ताप असेल तर ही गोळी नाही आणि मुलीला थेट दवाखान्यात न्यायचे, हा नियम शिपाईमावशींनाही पाठ असला पाहिजे. मेफेनामिक ॲसिड हे याच जातीतले वेदनाशामक मुली दुकानातून स्वतःच आणून घेतात. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने त्याच्या एका दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामाबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. दुकानाच्या काउंटरवर मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोळी घेण्यापेक्षा शाळेत, नोंद ठेवून आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमाने ती मिळणे अधिक सुरक्षित आहे, असेच यातून मला दिसते.

गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. आमच्या कितीतरी मुली सकाळी चहा पिऊन शाळेत येतात. आठवीपर्यंत पोषण आहाराची खिचडी मिळते, तेव्हा खिचडीनंतर गोळी देणे सोपे आहे. नववी-दहावीला खिचडी नाही, आणि ज्यांना कळांचा त्रास सर्वांत जास्त होतो त्या मुली याच दोन वर्गांत असतात. त्यांच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणि केळी इतकीच तरतूद लागेल. ही बाब आपल्याला किरकोळ वाटू शकेल, परंतु योजना अशाच ठिकाणी अडते.

औषधाशिवायचे उपायही शाळेत होऊ शकतात. पोटावर शेक घेतल्याने कळा कमी होतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते आणि आता अभ्यासांतही ते दिसून आले आहे. गरम पाण्याच्या चार पिशव्या आणि पाणी तापवण्याची एक किटली एवढ्यात शाळेचे काम भागते. फडक्यात गुंडाळून, चटका न बसेल अशा बेताने शेक द्यायचा. प्रतिबंधाबाबत बोलायचे तर नियमित व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या मुलींची वेदना कमी होऊ शकते, असे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. आमच्याकडे मात्र दिवाळीनंतर दहावीचा खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि मैदान मुळात मुलग्यांचे. हे आपल्या खात्याच्या हाती नाही याची मला जाणीव आहे, पण शालेय शिक्षण विभागाला आपले एक पत्र गेले तर त्याचा उपयोग होईल.

काही मुलींना मात्र या कशाचाच गुण येत नाही, आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त त्यांचीच काळजी लागून राहते. नीट वेळेवर गोळ्या घेऊनही शाळा बुडते, दर महिन्याला वेदना वाढत जाते, पाळी नसतानाही ओटीपोट दुखते, शौचाला किंवा लघवीला दुखते, रक्तस्राव फार होतो, अशा मुलीला एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा हा आजार जगात प्रजननक्षम वयाच्या साधारण 10 टक्के स्त्रियांना आणि मुलींना असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचे निदान अनेकदा कित्येक वर्षे लांबते. आमची एक विद्यार्थिनी नववीपासून त्या बाकावर येत असे. एका दवाखान्यात तिच्या आईला सांगण्यात आले की लग्न झाले, एक मूल झाले की सगळे थांबेल. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. दहावीच्या परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला ती अर्ध्या वेळात उठून बाहेर गेली. तिचे निदान झाले ते तेविसाव्या वर्षी. या आजारावर देशपातळीवर अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था इथेच परळला आहे, तिच्या आसपास केईएम आणि वाडिया यांसारखी रुग्णालये आहेत. ज्या शहरात एवढे ज्ञान एकत्र नांदते, तिथल्या मुलीने निदानासाठी आठ वर्षे थांबू नये.

आजवर सरकारने या विषयात काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. 2018 च्या महिला दिनी आलेल्या अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ सॅनिटरी नॅपकिन देण्याची सोय झाली. त्याच वर्षी जुलैत नॅपकिनवरील जीएसटी हटला आणि 2019 पासून जनऔषधी केंद्रांत एक रुपयात नॅपकिन मिळू लागले. या सर्व योजनांनी रक्ताची काळजी घेतली. वेदनेचा उल्लेख त्यांच्यात कुठे आला नाही. पाळीच्या रजेची चर्चा होते, तिलाही माझा पाठिंबा आहे. बिहारने 1992 पासून सरकारी स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस रजा दिली, केरळने 2023 मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थिनींना हजेरीत सवलत दिली. पण रजा मिळालेली मुलगी घरी जाऊन त्याच कळा सोसणार असेल, तर ती आधी उपचाराची हक्कदार आहे.

वेदनेकडे दुर्लक्ष झाले की गोष्ट कुठवर जाते, हे आपल्या राज्याने बीडमध्ये पाहिले आहे. ऊसतोडणीला गेलेल्या बायकांना एका दिवसाचा खाडाही परवडत नव्हता आणि पाळीच्या, अंगावर जाण्याच्या तक्रारींवर त्यांच्या गर्भपिशव्याच काढून टाकल्या गेल्या. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या बायकाही कधीतरी आठवी-नववीच्या वयाच्या मुली होत्या, आणि त्या वयात त्यांना कुणी विचारले नव्हते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की तपासणी अर्जावर ‘होय’ अशी खूण झालेल्या मुलीवर उपचार सुरू करण्याची जबाबदारी शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाने त्याच दिवशी घ्यावी. पथकातील डॉक्टरांनी तिला तपासून मात्रा लिहून द्यावी, पालकांच्या लेखी संमतीने ती औषधे शाळेतील प्रशिक्षित शिक्षिकेच्या ताब्यात राहावीत आणि प्रत्येक गोळीची वहीत नोंद व्हावी. संमतीशिवाय औषध दिले तर आपल्यावर येईल, ही शिक्षिकांची भीती खरी आहे. तिला शासन निर्णयाचेच उत्तर हवे. तीन महिन्यांत गुण आला नाही तर त्या मुलीला ‘मैत्री’ केंद्रात पाठवावे, आणि केंद्राने महिन्यातून किमान एक शनिवार दुपार या मुलींसाठी राखून ठेवावी, म्हणजे शाळा बुडणार नाही आणि पुष्कळ आयांना सोबत येता येईल. तिथे गरज पडल्यास संप्रेरकांच्या गोळ्यांचाही विचार होतो. सरकार ‘माला-एन’ या नावाने ज्या गर्भनिरोधक गोळ्या मोफत देते, तशाच गोळ्या या वेदनेवर उपचार म्हणूनही दिल्या जातात. परंतु अविवाहित मुलीला त्या दिल्या की घरात आणि दवाखान्यातही भुवया उंचावतात. त्या दवाखान्यातल्या भुवयांबद्दल आपण डॉक्टरांना आणि परिचारिकांना स्पष्ट शब्दांत लिहावे.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करावी असा माझा आग्रह नाही. मुंबईतील एका विभागाच्या शाळांत येत्या जूनपासून एक वर्ष हे करून पाहावे, आणि वर्षाअखेरीस किती मुलींचे किती दिवस बुडायचे वाचले हे हजेरीपटावरूनच मोजावे. त्यासाठी वेगळी पाहणी लागणार नाही, कारण हजेरीपट प्रत्येक वर्गात आहे.

पालकांच्या संमतीपत्राचा मसुदा मी मराठी, हिंदी आणि उर्दू या तीन भाषांत तयार करून घेतला आहे, कारण आमच्या शाळेच्या इमारतीत या तिन्ही माध्यमांचे वर्ग भरतात. तो एका पानाचा आहे, अक्षर मोठे ठेवले आहे, आणि ज्या आईला वाचता येत नाही तिला मुलीने तो वाचून दाखवावा अशी ओळ वर घातली आहे. आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीसोबत तो जोडला आहे. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत तो वाटता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मुंबई.