उवांसाठी फवाऱ्याचं औषध डोक्याला लावू नका

संपादक महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. पोळ्याच्या चार दिवस आधी रात्री एका घरून बोलावणं आलं. तिसरीतली पोरगी ओट्यावर पडलेली. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं चिंब, दोन उलट्या होऊन गेलेल्या. टॉर्च मारून डोळे पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डोक्याला फडकं गच्च बांधलेलं. ते सोडताच वासावरून कळलं. कपाशीवर मारायचं औषध उवांसाठी डोक्याला चोपडलं होतं.

हाताला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून फडकं फेकलं, अंगावरचे कपडे काढले, साबण लावून डोक्यावर पाणी ओतत राहिलो. 108 ची गाडी आली. पोरगी वाचली. तिची माय रडत रडत एकच सांगत होती, "शाळेतून चिठ्ठी आली न ताई, डोकं साफ झाल्याशिवाय पाठवू नका म्हणे. मंग मी काय करू?"

मला राग आला तो त्या चिठ्ठीचा. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. रोज न्हाणाऱ्या पोरीलाही होते. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. पोरगी खाजवायला लागते तोवर तिच्या शेजारच्या दोघीतिघींच्या डोक्यात त्या पोचलेल्या असतात. मग एकटीला घरी बसवून काय मिळतं? मायची लाज तेवढी वाढते, आणि लाजेपायी माणूस हाताला लागेल ती बाटली उचलतो.

फवारणीचं विष चामडीतून अंगात जातं, हे आमच्या जिल्ह्यानं 2017 साली पाहिलं. कित्येक शेतकरी-शेतमजूर त्यात गेले. तेच विष खाजवून खाजवून सोललेल्या टाळूवर लावायचं? रॉकेलानंही कातडी भाजते, वर पेट घ्यायची भीती. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात उतरली तर बुबुळाला जखम होते. माझ्या आजीचाच हा उपाय, तरी सांगते, करू नका.

डॉक्टरांना विचारून 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन आणावं. धुऊन पुसलेल्या केसांना लावायचं, 10 मिनिटांनी धुवायचं. यानं सगळ्या लिखा मरत नाहीत. उरलेल्या लिखा आठ-नऊ दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. हा दुसरा हातच लोक विसरतात आणि "औषध खोटं निघालं" म्हणतात. पैसे नसतील तर बारीक दातांची फणी आहे. केस ओले करून, तेल लावून, बट बट सोडवत मुळापासून टोकापर्यंत फिरवायची, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. कानामागं आणि मानेवर जास्त पाहा. कोंडा नखानं सरकतो, लिख केसाला चिकटून बसते. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

शाळेत जंताची गोळी एकाच दिवशी सगळ्या पोरांना देतात, कोणाच्या पोटात जंत आहेत हे कोणी विचारत नाही. उवांचंही तसंच करावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोशन आणि फण्या मिळाव्यात, सगळ्या वर्गाची डोकी एकाच दिवशी पाहावीत, नऊ दिवसांनी पुन्हा. आणि अशा चिठ्ठ्या देणं शिक्षण विभागानं बंद करावं.

आमच्या गावात आम्ही थांबलो नाही. येत्या रविवारी सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्या पोरींना बोलावलंय. ती पोरगीही येणार आहे. तिची माय घरची फणी घेऊन येते म्हणाली.

एक आशा स्वयंसेविका,
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ