रक्त ‘पातळ’ झालेलं नाही, काकू!

मा. संपादक,
स. न.

यंदा सोयाबीनच्या सवंगणीत आमच्या काकूच्या बोटाला विळा लागला. जखम नखाएवढी, पण रक्त काही थांबेना. एका गड्याने खर्ऱ्याच्या पुडीतला चुना लावला, एका बाईने लुगड्याची चिंधी गुंडाळली. मग दर दोन मिनिटांनी चिंधी सोडायची आणि सगळ्यांनी वाकून बघायचं, ‘थांबलं का?’ घरी आल्यावर निदान झालं की हृदयाची गोळी खाऊन खाऊन रक्त पातळ झालंय. त्याच रात्री गोळी बंद. ही गोळी म्हणजे ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यापासून रोजची.

मी उभी हयात विज्ञान शिकवलं आणि माझ्याच घरी ही गत, म्हणून हे पत्र.

ॲस्पिरिनने रक्ताचं ताक होत नाही. रक्तवाहिनी कापली की आधी ती आकसते. तिच्या अस्तराखालचे कोलॅजनचे धागे उघडे पडतात आणि रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी तिथे चिकटतात. (आमच्याकडे हा शब्द फक्त डेंग्यूच्या दिवसांत ऐकू येतो, ‘किती लाखांवर आल्या?’ म्हणून.) एरवी त्या चपट्या, बशीसारख्या. चिकटल्या की त्यांना गोखरूसारखे काटे फुटतात आणि पोटातली रसायनं सोडून त्या बाकीच्यांना हाका मारतात. ढीग जमतो, भोक बुजतं. त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं बसलं की गुठळी पक्की. दर दोन मिनिटांनी चिंधी उचलली की कच्चं बूच आपणच उपटतो. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं, न बघता, दाबून धरायचं. चुन्याने रक्त थांबणं दूरच, कातडी तेवढी भाजते.

ॲस्पिरिन त्या हाकांपैकी एक हाक बंद करते, थ्रॉम्बॉक्सेन नावाची. बूच बसतं, पण सावकाश. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, म्हणून बंद पडलेली यंत्रणा तिला नव्याने घडवता येत नाही. त्यामुळे गोळीने मुकी केलेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. म्हणजे त्या रात्री गोळी सोडून त्या बोटाला काडीचा फायदा नव्हता.

धोका मात्र मोठा होता. हृदयाच्या वाहिनीत चरबीचा थर फुटला, तर प्लेटलेटना तोही विळ्याचाच घाव वाटतो. तिथेही त्या तशाच धावत येऊन ढीग घालतात. शेतातल्या बोटावर जीव वाचवणारं ते बूच तीनेक मिलिमीटरच्या वाहिनीत बसलं की झटका. स्टेंटच्या जाळीवरही तेच होऊ शकतं. गोळी असते ती यासाठी.

गोळी बंद केल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टरांना फोन लावला, बोलणी खाल्ली आणि गोळी पुन्हा सुरू केली. ‘कापलं तर जास्त वेळ दाबा, थांबलं नाही तर दवाखाना गाठा, पण मनाने गोळी सोडू नका,’ एवढं चिठ्ठीवर मराठीत का लिहीत नाही, असं त्यांना विचारलं. म्हणाले, ‘गुरुजी, दाराबाहेरची रांग बघितली का?’ तेही खरंच. तेव्हा आपल्या आरोग्याच्या पानावर या तीन ओळींची चौकट ठळक अक्षरांत छापावी. कात्रण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि औषधाच्या दुकानात चिकटवायची जबाबदारी माझी.

– एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ