तात्या, तो रस्ता तुमचा आहे

ती. स्व. तात्या,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे साधा फोन आहे, त्यामुळे हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल असं धरून चालतो. तिला म्हणावं सावकाश वाच, आणि जिथे माझा गाढवपणा येईल तिथे हसायला हरकत नाही.

दोन ओळी लिहून तुमच्या हातात देता आल्या असत्या. पण गेली दोन वर्षं ओझर-मोहाडी-दिंडोरीकडच्या एका कच्च्या रस्त्याची जीपीएस फाइल नाशिकच्या सायकलवाल्यांच्या मोबाइलवर फिरतेय आणि तिच्यावर नाव माझं आहे. लोक भेटले की "काय रूट काढलायस!" म्हणतात. आधी मी "अरे, माझा नाही तो" म्हणायचो. पुढे पुढे नुसता हसायला लागलो. ते हसणं आता घशात अडकतं, म्हणून चारचौघांत सांगून टाकतो: तो रस्ता वाघाड धरणाच्या पाटावर पाणी वाटण्यात जन्म घालवलेल्या एका निवृत्त पाटकऱ्याने दिला. मी त्यावरून फक्त सायकल नेली.

2015 मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम, म्हणजे किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत, दोघांच्या टीमने पुरी केली. त्यानंतर आमच्यासारख्या ढेरपोट्यांनीही बारीक टायरच्या सायकली घेतल्या. मग सगळ्यांचं ठरलेलं: गंगापूर रोड, सोमेश्वर, गिरणारे, परत. नाहीतर त्र्यंबक रस्ता. दर रविवारी तेच डांबर आणि मागून हॉर्न मारणारे तेच डंपर. कंटाळून मी ग्रॅव्हल बाइक घेतली. तुम्ही तिला "वाकड्या शिंगांची सायकल" म्हणालात तीच. हँडल शर्यतीच्या सायकलचं, टायर मात्र 40 मिलिमीटर रुंद, मुरूम आणि खडी झेपावी म्हणून. सायकल आली, पण मुरूम कुठे होता? मोबाइलवरची बारीक पांढरी रेघ दिसली की घुसायचं, एवढीच अक्कल.

तशीच एक रेघ धरून त्या जानेवारीत आम्ही दोघे मोहाडीच्या शिवारात घुसलो. थंडी कडाक्याची होती. मणी तडकू नयेत म्हणून लोकांनी बागांच्या कडेला शेकोट्या पेटवलेल्या, पहाटेच ठिबक सोडलेलं, आणि सगळ्या शिवारावर कमरेइतका धूर. आम्हाला ते चित्रासारखं वाटलं. रात्रभर जागून तो धूर करणाऱ्याला काय वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही. रेघ एका बागेच्या बांधावर संपली. मी सायकल मांडवाच्या अँगलला टेकवली, माझ्या मित्राने दोन मणी तोडून तोंडात टाकले, आणि मागून आवाज आला.

त्या शेतकरीदादांनी आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सगळं खरं होतं. माल निर्यातीचा, फवारणी नुकतीच झालेली. मणी तोडला की घडाला भोक पडतं, रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि अख्खा घड वाया जातो. वर रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, तपासणीचा घोर. तुम्ही पाटाच्या कडेने काठी टेकत आलात आणि त्यांना म्हणालात, "जाऊ दे रे, शहरातली पोरं आहेत, यांना द्राक्ष पिशवीतच लागतं असं वाटतं." दादा हसले. आम्ही हसू की नको या विचारात उभे.

मग तुमची नजर टायरवर गेली. काही धारदार लागल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टायरला बाजूने अर्ध्या बोटाची चीर आणि आतलं, बारीक भोकं बुजवणारं पांढरं द्रव फसफसत बाहेर. असल्या चिरेपुढे ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबच्या टायरची ऐट चालत नाही. जवळ जादा ट्यूब होती, पण चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर आली असती. तुम्ही बांधावर पडलेला ठिबकच्या लॅटरलचा, म्हणजे बारीक नळीचा, तुकडा उचललात, विळ्याने उभा चिरलात, चपटा केलात, कडा दगडावर घासून बोथट केल्यात आणि म्हणालात, "हे आतून अस्तर लाव." त्या अस्तरावर मी घरापर्यंत आलो, आणि आळसापोटी पुढचे तीन रविवारही काढले.

चहा पिताना मी विचारलं, इकडे चढ नसलेला कच्चा रस्ता आहे का? डोंगर समोर दिसले पाहिजेत, पण दम जायला नको. असला मागणारा तुम्ही पहिल्यांदाच पाहिला असणार. तरी तुम्ही पाणीपाळीच्या जुन्या कागदाची मागची बाजू घेतलीत. "पाणी चढत नसतं भाऊ. पाटाच्या कडेनं चाल, तुलाबी चढावं लागायचं नाही."

तात्या, त्या एका वाक्याने माझा नकाशा पालटला. पाट डोंगराच्या पायथ्याशी एकाच उंचीची रेघ धरून वळत-वळत जातो. किलोमीटरला वीत-दीड वीत उतार, बस्स. ओढा आला की जलसेतू, टेकाड आलं की वळसा. पाटाशेजारी दुरुस्तीची गाडी जाईल एवढा मुरमाड रस्ता असतोच. म्हणजे इंजिनिअर लोकांनी पाण्यासाठी जी मोजणी केली, तीच सायकलीलाही लागू. तेव्हापासून ओझरकडून निघालो की दोन्हीकडे बागा, डावीकडे लांब रामशेज किल्ला, तोच 1682 पासून पाच-साडेपाच वर्षं मोगलांना झुंजवणारा, आणि समोर उत्तरेला सातमाळा डोंगररांगेची भिंत. सप्तशृंगीचा कडा आणि लांब उजवीकडे धोडपची खाच दिसते, तरी पाय गिअर बदलायला मागत नाहीत. चढ हवाच असेल त्याने पाट सोडून एखाद्या गाडीवाटेने वर जावं, तेही तुम्हीच दाखवलंत.

तुमच्या नकाशावर गावांची नावं नव्हतीच, पाटातून पाणी सोडायच्या दारांचे आकडे होते. दार चार, मग एस्केप (जादा पाणी बाहेर काढायची जागा), मग "म्हसोबाचं वळण". मी गोंधळलो तेव्हा तुम्ही पाण्याची गोष्ट सांगितलीत: टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला, पाणी पोहोचायचंच नाही, हेडवाले, म्हणजे वरच्या टोकाचे, मध्येच दारं उघडायचे, आणि ओझरच्या लोकांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांच्या सोबतीने 1990 च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या. पुढे अख्ख्या वाघाडचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. आम्ही शाळेत सहकार शिकलो तो परीक्षेपुरता. तुम्ही रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन तो मोजून वाटत होता. पाण्याची पातळी दाखवणारी गेजपट्टी वाचायला तुम्हीच शिकवलंत, आता पुलावर थांबलो की माझी नजर आधी तिथेच जाते.

वाइनच्या द्राक्षांचा धडाही तुमचाच, आणि तो मला फार आवडतो, कारण तुम्ही माळकरी. खायच्या थॉमसन द्राक्षाचा मांडव डोक्यावर, सावलीत, घड लांब आणि मणी फुगवलेला. वाइनची बाग मात्र तारांवर सरळ उभी, मणी बारीक, साल जाड, आत बी. "ह्याला फुगवायचं नसतं, ह्याला तसंच ठेवायचं. चवीचं काय ते तुम्ही सांगा," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत! सुलाचं नाव जगभर गेलं, तिची वाइनरी गंगापूर धरणापाशी. शहरातून येणाऱ्याला वाटतं नाशिकची वाइन तिथेच पिकते. दिंडोरी तालुक्यातून सायकलवर फिरलं की कळतं, ती आधी कोणाच्या बांधावर असते.

तुमच्या अटी मी फाइलसोबत पाठवतो, पण लोक फाइल उघडतात आणि अटी वाचत नाहीत. म्हणून इथेही. पाऊस पडून गेला की दोन दिवस यायचं नाही. काळी माती चाकाला बसते, चाक फिरत नाही, आणि सायकलीची चाकोरी वाळली की ट्रॅक्टरवाल्याला वर्षभर धक्के. फवारणीचा ब्लोअर चालू दिसला की लांब थांबायचं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सकाळी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचे पिकअप याच रस्त्याने येतात, त्यांना आधी वाट द्यायची, घंटी वाजवायची नाही. दाराला हात लावायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि आवर्तन, म्हणजे पाटाला सोडलेलं पाणी, चालू असताना आठ-दहा जणांचा घोळका नको. शेवटची अट आम्ही एकदा मोडली. पाटकऱ्याच्या मोटारसायकलला बाजू द्यायला जागा नव्हती आणि तो पाण्यात पडता-पडता वाचला. तुम्हाला ते कळलं असणारच. तुम्ही काही बोलला नाहीत, ते जास्त लागलं. चूक माझी होती, मी पुढे होतो.

आता फाइलचं नाव बदललंय. "तात्यांचा पाट" ठेवलंय. तुमचं पूर्ण नाव घातलं नाही, नातीने नको म्हटलं. पुढचं आवर्तन संपल्यावरच्या रविवारी आम्ही चौघे येतोय, चौघेच. चहा तुमच्याकडे, भेळभत्ता आम्ही आणू.

एक विचारायचं राहिलं. नकाशात नवव्या दाराच्या पुढे तुम्ही मोठी फुली मारलीय आणि शेजारी काही लिहिलेलं नाही. रस्ता खचलाय, कोणाशी वाद आहे, की कुत्री आहेत? दोन वर्षं आम्ही तिथून अलीकडेच वळतोय. नातीकडून एवढं कळवा.

आपला,
वाकड्या शिंगांच्या सायकलवाला