मंजिष्ठाचं मूळ ओळखायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजचे तास सांभाळून तुम्ही आमच्या ठसेकामाच्या, म्हणजे झाडांच्या रंगांनी कापडावर ठसे छापणाऱ्या गटाला झाडं ओळखायला शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. तपशील मुद्दाम लिहितो आहोत, इतर रंगकाम करणाऱ्यांच्याही उपयोगी पडावा.

सगळ्यात मोठा उपकार मंजिष्ठाचा, म्हणजे मुळांतून लाल रंग देणाऱ्या वेलाचा. बाजारातल्या मालात मुळांबरोबर खोडाचे तुकडे सर्रास येतात. बोटाला चार कंगोरे आणि बारीक आकडे लागले की ते खोड. गोल, मोडल्यावर आत लालसर निघतं ते मूळ. लाल हवा तर मुळंच निवडून घ्यायची.

हिरड्याचं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, गरात असतं, म्हणून बी फोडून काढायची आणि मगच दळायचं. सोड्यात उकळून खळ काढलेल्या किलोभर सुती कापडाला 200 ग्रॅम पूड पुरते. कापड त्या पुडीच्या पाण्यात भिजवून, पिळून, न धुता, उन्हात पसरून वाळवायचं. रंग पकडून ठेवणारी तुरटी नुसत्या सुतावर नीट धरत नाही, टॅनिनवर धरते. हे कारण कळल्यापासून हिरड्याची पायरी कुणी गाळत नाही.

पुढे गंमत ठशाची. बाभळीच्या डिंकात घोटलेल्या तुरटीचा ठसा मंजिष्ठाच्या पातेल्यात लाल होतो. गंजकं लोखंड आणि गूळ मुरवलेल्या पाण्याचा ठसा मात्र हिरड्यावर लगेच काळा पडतो. म्हणूनच हिरडा लोखंडी घमेल्यात भिजवला की अख्खं कापड काळवंडतं, आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर लालही मळकट येतो.

ठसे वाळल्यावर दोन-तीन दिवस थांबायचं. मग कापड भरपूर पाण्यात, न दुमडता धुवायचं, नाहीतर सुटलेली तुरटी शेजारी बसते आणि नक्षीला लाल सावली येते. किलोभर कापडामागे अर्धा किलो कुटलेली मुळं रात्रभर भिजवून, हळूहळू तापवत, सतत हलवत रंगवायचं. पातेल्यात धायटीची वाळकी फुलं टाकली की ठशाबाहेरची जमीन, म्हणजे मोकळं कापड, कमी डागाळते. ते झुडूप आमच्याच डोंगरउतारावर लाल फुलांनी भरतं, हे तुम्ही दाखवलंत.

मुळं खणली की वेल जातो, हेही तुम्हीच बजावलंत. म्हणून ओल्या खोडाची कलमं लावली आहेत. मुळं खणण्याजोगी झाली की पहिली ओढणी तुमची.

आपल्या,
ठसेकाम गटातल्या सगळ्याजणी