दत्तास पत्र: १९९१ मध्ये मधू दंडवत्यांना न दिलेल्या मतासंबंधी

सोलापूर,
२८ जानेवारी २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची अण्णांची पत्र्याची ट्रंक उतरवली, तर तिच्या तळाशी एकाच टाचणीत अडकवलेले दोन कागद सापडले. वरचा १९७७ चा, अण्णांना कामावर परत घेतल्याचा. खालचा १९७४ च्या मे महिन्यातला, रेल्वे संपात भाग घेतल्याबद्दल बडतर्फ केल्याचा. टाचणी इतकी गंजली आहे की सोडवायला गेले तर कागद फाटतील, म्हणून तसेच ठेवले आहेत. हे तुझ्याखेरीज कोणाला सांगावेसे वाटले नाही. त्या तीन वर्षांत आई विड्या वळून घर चालवत होती हे तू पाहिले आहेस, आणि तुझे नाना स्वतः संपात नसतानाही आमच्या दारात ज्वारी कोण ठेवून जायचे, तेही तुलाच ठाऊक आहे.

माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. सुमनचे गुडघे थंडीत धरतात, एरवी सर्व क्षेम.

मुख्य काळजी चिन्मयची आहे. महापालिकेच्या रखडलेल्या निवडणुका लागतील तेव्हा उभे राहायचे, असे त्याने मनाशी पक्के केले आहे. गल्लीतल्या लोकांची कामे तो मनापासून करतो, तेव्हा त्याला अडवण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु त्याच्याभोवती जमणारी मंडळी त्याला फलक, मिरवणुका आणि खर्च यांपलीकडे काही सांगत नाहीत. म्हणून २१ जानेवारीला, मधू दंडवत्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मी त्याला समोर बसवले, ते दोन कागद दाखवले आणि हा मनुष्य कोण होता ते सांगितले.

अहमदनगरला जन्मलेला, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक बेचाळीसच्या आंदोलनात होता आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्याने मार खाल्ला. तिथले खासदार नाथ पै गेल्यानंतर १९७१ मध्ये कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने त्याला लोकसभेत धाडले आणि १९८४ च्या काँग्रेस लाटेतसुद्धा त्याचीच निवड केली. आणीबाणीत तो बंगळूरच्या तुरुंगात होता आणि त्याची पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. तेथून सुटून तो रेल्वेमंत्री झाला, आणि ज्या संपामुळे आपल्या रेल्वे लाइनीतल्या कित्येक घरांत चूल थंडावली होती, त्या संपातल्या बडतर्फ माणसांना त्याने परत कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी आली तीही त्याच्याच काळात. मुंबईला उतरल्यावर पाठीवर उमटलेले फळ्यांचे वळ आपण एकमेकांना मोजून दाखवायचो, हे चिन्मयला खरे वाटेना. गादीवरून पहिला प्रवास केलास तेव्हा दादर आले तरी तू वरून उतरायला तयार नव्हतास आणि नानांनी पाय धरून तुला खाली ओढले, हे ऐकून मात्र तो पोट धरून हसला.

त्यानंतर मी त्याला कोकण रेल्वेचे सांगितले. संसदेत वर्षानुवर्षे या मार्गाचा पाठपुरावा केलेला हा खासदार विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री झाला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि चार राज्ये यांचे भांडवल, वर रोख्यांतून उभा केलेला पैसा, अशी त्याची बांधणी होती. एवढे ऐकून चिन्मयने विचारले, ‘‘बाबा, मग पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांना पाडले कसे?’’

दत्ता, मला त्याला काही सांगता आले नाही. लाट होती, राजीव गांधींची हत्या झाली होती, सरकार वर्षभरही टिकले नव्हते, हे सगळे मी म्हणालो. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्याने यातून एवढेच घेतले, कामाने मते मिळत नाहीत. ही समजूत घेऊन तो निवडणुकीत उतरला तर त्या मंडळींच्या हातात अलगद जाईल, आणि मला झोप लागत नाही ती याच विचाराने.

तू तेव्हा कणकवलीच्या शाखेत नोकरीला होतास. मत दंडवत्यांना दिले नाही, असे त्या दिवाळीत तू आमच्या ओसरीवर सांगितलेस, अण्णा जेवणाच्या ताटावरून उठले आणि मी तुला नको ते बोललो. तू म्हणाला होतास की सभ्य माणूस दिल्लीत भाषण करतो, पण तालुक्याच्या कचेरीत आमच्या अर्जावर सही करून घ्यायला कोण येतो? त्या रात्री मला ते कृतघ्नपणाचे वाटले. आज चिन्मय नेमकी तीच अर्जावरची सही मिळवून देतो आणि लोक त्याला मानतात, म्हणून तुझे म्हणणे मला पुन्हा नीट ऐकायचे आहे. मला अजूनही वाटते की त्या मतदारसंघाने फार मोठा माणूस गमावला. १९९६ लाही पराभव झाल्यावर तो घरी बसला नाही, नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष म्हणून काम करत राहिला, आणि २००५ मध्ये गेल्यावर त्याचा देहसुद्धा जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. परंतु हे मी सोलापुरात बसून म्हणतो; मत तू दिलेस.

तेव्हा चिन्मयला आठ दिवस तुझ्याकडे धाडतो. त्याला कुडाळ, सावंतवाडी, मालवण फिरव, त्या वेळचे मतदार अजून असतील त्यांच्याशी बोलू दे, आणि तू स्वतः तसे का केलेस ते माझी भीड न धरता सांग. त्यातून तो निवडणुकीचा नाद सोडो की पक्का होवो, मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? धाकटीचे लग्न ठरल्याचे वहिनींकडून सुमनला कळले, फार आनंद झाला. तारीख कळव, आम्ही दोघेही येऊ. चिन्मय पनवेलला गाडी बदलून कोकण रेल्वेनेच येईल. त्याला न्यायला स्टेशनवर येऊ नकोस, तो रिक्षाने येईल. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक